कवळीला कानस

दात कोरून पोट भरत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. माझं मात्र गेली बावीस वर्षं लोकांचे दात कोरूनच भरत आलं आहे. कांचघरच्या बाजारात एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला सायकलचं दुकान आणि मध्ये माझा दवाखाना. बाहेरची पाटी हिंदीत, आत येणारे शंभरातले नव्वद पेशंटही हिंदी बोलणारे. आमचं घराणं मराठ्यांच्या चाकरीत जबलपूरला आलं ते इथेच मुरलं, आणि मराठी उरली ती स्वयंपाकघरात. त्यामुळे खुर्चीत बसलेल्या माणसानं "डॉक्टरबाई, जरा पाहा ना" असं म्हटलं की मला माहेरचं कोणी भेटल्यासारखं होतं. गुलाबराव पहिल्यांदा आले तेव्हाही मी अशीच हरखले होते. तो आनंद पुढे त्यांनीच घालवला.

गुलाबराव तोफांच्या कारखान्यात फिटर होते. अडतीस वर्षं नोकरी करून सात-आठ वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांचे वडील विदर्भातून इथे कामाला आले होते, त्यामुळे बोली थेट नागपुरी. अंग शिडशिडीत, शर्टाच्या खिशात कायम सहा इंची स्टीलची पट्टी. कारखान्यात विडी ओढायची मनाई, म्हणून सगळी पिढी तंबाखू-चुन्यावर वाढली. त्यात दात गेले. मागच्या पावसाळ्यात मी त्यांना वरखाली पूर्ण कवळी करून दिली. त्यांनी ती तोंडात घालण्याआधी खिडकीकडे धरून पाहिली, पट्टीनं मोजली, बोटानं चाचपली आणि मग मान हलवली. मी बावीस वर्षांत शेकड्यांनी कवळ्या केल्या, पण अशी तपासणी कोणी केली नव्हती. मला वाटलं, वा, कामाची कदर असलेला माणूस दिसतो.

महिनाभर सगळं छान चाललं. गुलाबराव शेंगदाणे खायचे आणि मला येता-जाता रस्त्यातून दात दाखवायचे. मग विजयादशमीला ते दरवर्षीसारखे नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आले, आणि आल्यावर आठ-दहा दिवसांत बायकोला, शेवंताबाईंना, घेऊन दवाखान्यात हजर. तक्रार एकच: फिटिंग बसून नाही राहिलं. घास नीट चावला जात नाही, म्हणून खाली उतरत नाही. मी कवळी पाहिली, हिरड्या पाहिल्या, निळा कागद चावायला देऊन उंचसखल पाहिलं. सगळं ठीक होतं. तरी पेशंटचं मन राखायला एका ठिकाणी किंचित घासून दिलं.

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले. कवळी जुन्या सुती चिंधीत गुंडाळलेली. उघडून पाहते तो काय, दाढांवर आडव्या बारीक रेघा. माझ्या हातच्या कामावर कोणीतरी चक्क कानस चालवली होती. विचारलं, तर हे शांतपणे म्हणाले की थोडं सेट केलं. माझा पारा असा चढला की गिरणीचा पट्टा थांबला तरी माझा आवाज थांबेना. कवळी काय लोखंडाचा नट-बोल्ट आहे, घरी घासत बसायला? गुलाबरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमाले राग काहून आला? तुमी बनवलं, मी बसवून राहिलो. बनवणारा अलग, बसवणारा अलग."

मी नवी खालची कवळी करून दिली. दहा दिवसांत तिच्यावरही कानस. मी ती दुरुस्त केली, पुन्हा कानस. बाजारभर आमचं भांडण गाजलं. गिरणीवाला सकाळी शटर उघडताना मला विचारायचा, मॅडमजी, कल कानस चली क्या? हसू यायचं आणि रागही यायचा, आणि खरं सांगायचं तर दुखायचंही. कवळी हा माझ्या हाताचा अभिमान होता, आणि हा माणूस दर आठवड्याला येऊन तो घासून टाकत होता.

या दोन महिन्यांत गुलाबराव वाळत चालले होते, हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. शर्ट खांद्यावरून उतरायला लागला होता. पण विहारातले लोक त्यांना म्हणत होते की निवृत्तीनंतर बॉडी काय मेंटेन केली आहे, आणि मीही तेच म्हणाले. मनात म्हटलं, कवळीची सबब सांगून नीट जेवत नाही हा हट्टी माणूस. मी कवळीकडे पाहत होते, तेही कवळीकडे पाहत होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, आणि बंब चालवणाऱ्यांत एक चांगली शिकलेली डॉक्टर.

डिसेंबरात मटारचा हंगाम सुरू झाला होता. गुलाबराव पाचव्यांदा आले, तेव्हा मी ठरवलं की आज सोक्षमोक्ष लावायचा. शेवंताबाईंना म्हटलं, काकू, घर जवळच आहे, जाऊन ज्वारीची भाकरी घेऊन या. आज यांनी माझ्यासमोर चावायचं. चावलं गेलं नाही तर मी कवळीचा धंदा सोडीन. चावलं गेलं तर यांनी कानस माझ्याकडे जमा करायची. गुलाबरावांना ही भाषा आवडली. त्यांच्या कारखान्यातही तंटा झाला की असाच सुटायचा, सगळ्यांसमोर वस्तू बसवून पाहायची. ते खुर्चीत ताठ बसले.

भाकरी आली. मी घड्याळ लावलं. बाहेर बसलेले दोन पेशंट दारातून डोकावू लागले. गुलाबरावांनी घास तोंडात घातला आणि मन लावून चावला. पंचवीस वेळा चावून झाल्यावर मी म्हटलं, आ करा. दिवा टाकून पाहिलं तर तोंडात भाकरीचं अगदी मऊ पीठ झालेलं. मी जवळजवळ टाळी वाजवली. आरसा त्यांच्या हातात दिला, शेवंताबाईंना बोलावून दाखवलं, दारातल्या दोघांनाही दाखवलं. पाहा, याहून बारीक तर शेजारची गिरणीही दळत नाही. दोन महिन्यांचा सगळा अपमान एका घासात फिटला होता. त्याच जोशात मी म्हटलं, आता गिळा.

त्यांनी गिळलं. आणि त्यांचा उजवा हात हळूच छातीच्या मधोमध गेला. ते थांबले. डोळ्यांत पाणी आलं. मान थोडी पुढे काढून ते कशाची तरी वाट पाहत राहिले, मग त्यांनी दुसऱ्या हातानं पाण्याचा ग्लास मागितला. दोन घोट घेतले, आणि उचकी लागली.

शेवंताबाईंनी लगेच पदराआडून मोबाइल काढला आणि हसून म्हणाल्या, "आमचा अश्विन आठवण काढून राहिला. रोज जेवणाच्या टायमाले काढते."

अश्विन त्यांचा मुलगा, पुण्याला नोकरीला. गेले दोन महिने वडिलांना उचकी लागली की आई त्याला फोन करून विचारत होती, आत्ता आमची आठवण काढली का? आणि तो गुणी मुलगा दर वेळी हो म्हणत होता. घरात सगळे खूश होते, की पोरगा लांब गेला तरी आईबापाला विसरला नाही.

माझ्या हातातला आरसा मी खाली ठेवला. मी स्टूल ओढून शेवंताबाईंच्या समोर बसले आणि विचारू लागले. भाकरी कधीपासून बंद आहे? नागपूरहून आल्यापासून. मग काय खातात? आधी पोळी खायचे, मग पोळी वरणात कुस्करून, आता पंधरा दिवस नुसती खिचडी. घासागणिक पाणी पितात का? हो, तांब्याभर लागतं. घास कुठे अडतो? त्यांनी नवऱ्याच्या छातीच्या हाडाच्या खालच्या टोकावर बोट ठेवलं. तिथे कवळी नसते. तिथे माझं काहीच नसतं.

घास अडकणं, आधी घट्ट मग पातळ, वजन उतरणं. हे मी विद्यार्थी असताना पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं. पाच मार्क मिळालेही होते. आणि माझ्या खुर्चीत तो माणूस पाच वेळा येऊन बसला, तर मी निळा कागद चावायला देत राहिले. गुलाबरावांना तरी कोणी सांगितलं होतं? छातीत दुखलं की हार्ट, फार लघवी झाली की शुगर, एवढं गल्लीतलं पोर सांगतं. पण घास अडला तर काय, हे कुठे लिहिलेलं असतं? ज्याला त्याला आपल्या हातातलं अवजार आठवतं. शेवंताबाईंना ओवा आठवला, मेडिकल स्टोअरवाल्याला गॅसची पुडी, गुलाबरावांना कानस. मला माझा अभिमान आठवला, म्हणजे सगळ्यांत वाईट.

मी सरळ सांगितलं, उद्या दुर्बिणीची तपासणी करायची. 'मेडिकल'ला, म्हणजे आमच्या मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, माझ्या ओळखीचे डॉक्टर आनंद आहेत, मी सोबत येते. गुलाबरावांनी कवळी काढून चिंधीत गुंडाळली आणि उठले. नाही म्हणाले. मी कारण विचारलं. त्यांच्या शॉपमधले, म्हणजे कारखान्यातल्या त्यांच्याच विभागातले, बापू चांगले चालत-फिरत होते, कोणीतरी आत नळी घालून तुकडा काढला आणि बापू दोन महिन्यांत गेले. पोटातली वस्तू छेडली की पसरते, हे कारखान्याच्या क्वार्टरांतल्या सगळ्या लाइनीला ठाऊक आहे.

मी समजावलं. मग ओरडले. मग शेवंताबाई रडायला लागल्या म्हणून गप्प बसले. गुलाबराव दारापर्यंत पोचले होते, आणि त्यांच्या खिशातली ती स्टीलची पट्टी दिव्यात चमकली. कवळीची मापं घेताना त्यांनी मला कारखान्यातल्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्यातली एक धाडकन आठवली.

मी म्हटलं, काका, एकच सांगा. तोफेची नळी तयार झाली की आतून तपासायचे ना? ते दारातच थांबले. हो म्हणाले, लांब दुर्बीण असते, पुढे दिवा असतो, इंच-इंच पाहायची. मी विचारलं, न पाहता कधी पास केली? त्यावर त्यांना जवळजवळ राग आला. न पाहता पास करणारा फिटर नसतो, खुनी असतो, म्हणाले.

"आणि एखाद्या नळीत तडा सापडला, तर तो तुमच्या दुर्बिणीनं पडला असं म्हणायचे का?"

त्यांचा हात खिशातल्या पट्टीवर गेला. गिरणी चालू होती, बाहेर सायकलवाला हवा भरत होता. शेवंताबाईंनी पदर तोंडावर धरला होता. मग गुलाबराव म्हणाले, "म्हणजे बापूची नळी लेट पाह्यली, असं म्हणता तुमी?"

बापूंचं मला नक्की माहीत नव्हतं, आणि तसं मी सांगितलंही. पण बहुतेक तसंच, असं म्हटलं. गुलाबराव परत येऊन खुर्चीत बसले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला की ह्या दुर्बिणीचा डायमीटर किती.

दुसऱ्या दिवशी मी दवाखाना बंद ठेवला. बावीस वर्षांत सणवार सोडले तर तो पहिलाच दिवस. तपासणीच्या खोलीत आनंदसरांनी गुंगीचं इंजेक्शन द्यायचं का विचारलं, तर गुलाबराव नको म्हणाले. त्यांना पडदा पाहायचा होता. नळी साडेनऊ मिलिमीटरची, हे कळल्यावर त्यांनी ती हातात न घेता चारी बाजूंनी पाहिली, टोकाचा दिवा पाहिला, वाकते कशी ते विचारलं. नर्स घाईत होती, पण आनंदसरांनाच मजा वाटायला लागली. त्यांनी पडदा पेशंटच्या बाजूला वळवून दिला. घशात फवारा मारला, कवळी काढून माझ्या हातात दिली. गुलाबराव डाव्या कुशीवर झाले आणि नळी आत गेली.

मी आयुष्यात इतक्या ताणाखाली कधी नव्हते, स्वतःच्या परीक्षेलाही नाही. पडद्यावर गुलाबी, ओली, लखलखीत वाट दिसत होती. नळीवर आकडे असतात, दातांपासून किती आत गेलं ते सांगणारे. आनंदसर मोठ्यानं वाचत होते, वीस, पंचवीस, तीस. सगळं स्वच्छ. माझ्या मनात आलं, काही नाहीच बहुतेक, आणि तेवढ्यात तेहेतीसवर वाट एका अंगानं आत दबली. खडबडीत, लालसर, फुलकोबीच्या तुऱ्यासारखं काहीतरी. गुलाबरावांचे डोळे पडद्यावरून हलले नाहीत.

आनंदसरांनी नळी हळूहळू पुढे सरकवली. ती जाईल की अडेल, यावर पुष्कळ काही अवलंबून होतं, हे मला कळत होतं. आणि गुलाबरावांना तर माझ्याहून जास्त कळत होतं. कारखान्यात भोक तपासायचं एक साधन असतं, गेज. त्याचं एक टोक 'गो', ते भोकातून गेलंच पाहिजे. ते अडलं की वस्तू बाद. ही विद्या त्यांनी मला तिन्ही कवळ्यांच्या वेळी ऐकवली होती. नळी त्या खडबडीत जागेला घासली, थांबली, किंचित वळली, आणि सरकन पलीकडे पोटात उतरली.

गुलाबरावांच्या तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं, नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण त्यांचा उजवा हात वर आला आणि अंगठा उभा राहिला. गो. नर्सला वाटलं त्यांना त्रास होतोय. मला मात्र रडू फुटलं, आणि तसंच हसूही, आणि माझ्या मुठीतली कवळी मी इतकी घट्ट आवळली की तिचे दात माझ्या तळव्यावर उमटले.

त्या वेळी काढलेला तुकडा तपासून आठ दिवसांनी चिठ्ठी आली. अन्ननलिकेचा कॅन्सरच होता. सीटी स्कॅनमध्ये तो लांब कुठे गेलेला दिसला नाही. आनंदसरांनी स्पष्ट सांगितलं की अजून महिना-दोन महिने कवळीशी खेळत बसला असतात, तर माझ्याकडे काही बोलण्यासारखं उरलं नसतं. आता आधी केमो आणि शेक, म्हणजे रेडिएशन, मग ऑपरेशन, रस्ता लांबचा आहे, पण रस्ता आहे. गुलाबरावांनी खिशातली वही काढून सगळे टप्पे क्रमानं लिहून घेतले, आणि प्रत्येक टप्प्यापुढे सहीसाठी एक चौकोन काढला.

ते सहा महिने मी सविस्तर सांगत बसत नाही. त्रास झाला, आणि भरपूर झाला. केस गेले, पोटात नळी घालून तिच्यातून पातळ जेवण द्यावं लागलं, ऑपरेशननंतर चार दिवस आयसीयूत कोणी धड काही सांगेना. अश्विन पुण्याहून दोनदा येऊन राहून गेला. पण गुलाबरावांची वही चालू होती. एका चौकोनात सही झाली की ते मला फोन करायचे, आवाज घोगरा, पण उत्साह असा की जणू कारखान्यातून पहिला पगार घेऊन आलेत.

मधल्या काळात मीही गप्प बसले नाही. माझ्या खुर्चीत कवळीची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आता भाकरीचा तुकडा देते. आधी चावा, मग माझ्यासमोर गिळा, पाण्याशिवाय. लोक हसतात. गिरणीवाला म्हणतो, मॅडमजी ने ढाबा खोल लिया. हसू देत. मार्चमध्ये गढ्याहून आलेल्या एका बाईंचा हात असाच छातीवर गेला, आणि मी त्यांना त्याच दिवशी आनंदसरांकडे धाडलं. त्यांना आम्लपित्तानं आलेली साधी सूज निघाली, औषधानं बरी झाली. त्या मला पेढे द्यायला आल्या तेव्हा मी त्यांच्या गळ्यातच पडले, त्या बिचाऱ्या घाबरल्या.

जुलैच्या एका सोमवारी सकाळी गुलाबराव आणि शेवंताबाई दवाखान्यात आले. अपॉइंटमेंट नव्हती. गुलाबराव अर्धे झाले होते, पण चालत आले होते. शेवंताबाईंच्या हातात फडक्यात गुंडाळलेली ज्वारीची भाकरी होती, गरम. आनंदसरांनी परवानगी दिली होती, छोटा घास, नीट चावून, बसून. पहिला घास घरी खाणार नाही, जिथे अडला होता तिथेच खाणार, असा यांचा हट्ट.

मी कपाटातून कवळी काढली. गेले सहा महिने ती माझ्याकडेच होती, मी तिच्यावरच्या कानशीच्या रेघा गुळगुळीत करून ठेवल्या होत्या. त्यांनी ती तोंडात बसवली. शेवंताबाईंनी बोटाच्या पेराएवढा तुकडा तोडून दिला. मी पाण्याचा ग्लास भरून ठेवला होता. तो त्यांनी बोटानं दूर सारला. चावलं. तीस वेळा तरी चावलं. मग गिळलं.

हात छातीकडे गेला नाही. आम्ही तिघंही थांबलो. शेवंताबाई सवयीनं मोबाइल हातात घेऊन उचकीची वाट पाहत होत्या. मिनिटभर झालं, दोन मिनिटं झाली. उचकी आली नाही. गुलाबरावांनी दुसरा तुकडा मागितला, तोही उतरला. मग त्यांनी खिशातून कागदात बांधलेली ती बारीक कानस काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"तुमची कवळी बराबर होती, डॉक्टरबाई. फॉल्ट तेहेतीस सेंटिमीटर खाली होता. मी वरतेच घासून राहिलो होतो."

मीही वरच घासत होते काका, असं मी म्हटलं. ते म्हणाले, ठाऊक आहे, पण शेवटी भाकरी तुम्हीच मागवली ना.

शेवंताबाईंनी तोवर पुण्याला फोन लावला होता. तिकडून मुलानं घाबरून विचारलं असावं, कारण त्या आधी दोनदा ठीक आहे, ठीक आहे म्हणाल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "तुझ्या बाबाची उचकी बंद झाली, अश्विन. आता आम्हाले कळणार नाही. आठवण आली तर तूच फोन करत जा."